अर्धा कोयता

दसरा-दिवाळी उरकली की सोनपेठ तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन थांबतात. ट्रॉलीत धान्याची पोती, ताडपत्री, भांडीकुंडी, एखादी शेळी चढते आणि उरलेल्या जागेत माणसं बसतात. सायखेड्याला तालुक्यातच साखर कारखाना आहे, तरी इथली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जो देतो तो सांगेल त्या फडात जावं लागतं.

तोडणीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. मजूर जमवणाऱ्या मुकादमाला पूर्ण कोयता हवा असतो, पूर्ण उचलही पूर्ण कोयत्यालाच मिळते. बाईला पाचवा महिना लागलेला असला, की ती मागे राहिली तर नवरा अर्धा होणार, उचल अर्धी होणार आणि मागच्या हंगामाची बाकी तशीच अंगावर राहणार, हे घरात कुणी बोलून दाखवायची गरज नसते. ती ट्रॉलीत बसते. पहाटे फडात उतरून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. एखाद्या दिवशी चक्कर आली, काम झालं नाही, की खाडा लागतो.

या बायकांबद्दल बैठकांमध्ये हमखास निघणारा शब्द म्हणजे जनजागृती. मला तो ऐकवत नाही. लोहाच्या गोळ्या का घ्यायच्या आणि सातव्या महिन्यात ओझं का उचलायचं नाही, हे तिला आशाताईने सांगितलेलं असतं, सासूनेही सांगितलेलं असतं. ओल्या बाळंतिणीने सव्वा महिना कामाला हात लावायचा नाही, हे तर आपल्याकडे कुठल्याही खात्याच्या आधीपासून सांगितलं जातं. तिला माहीत आहे. तिला परवडत नाही.

सरकार काहीच देत नाही असं म्हणणं खोटं होईल. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी 2005 पासून जननी सुरक्षा योजना आहे, 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, नेआण मोफत आहे. 108 ला फोन केला की गाडी येते. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली आणि पुढे ती देशभर गेली. आपल्या सव्वा महिन्याच्या आणि या बेचाळीस दिवसांच्या हिशोबात फारसं अंतर नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

पण आशाताई येते ती घरी, आणि घराला कुलूप असतं.

इथे सगळी व्यवस्था अडते. नोंद गावात, अंगणवाडीचा आहार गावात, आशा गावात. आणि पोट वाढतं ते तीनशे किलोमीटरवर, फडाजवळच्या झोपडीत, कोपीत. कोपीत बाई जी पिशवी जपते तिच्यात आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड असतं. कार्डावर पहिल्या तपासणीचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलेलं. पुढचे रकाने कोरे. बाळ कर्नाटकात जन्मलं तर जन्माची नोंद तिकडची, पहिल्या लशी तिकडच्या. गरोदर बाईला पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेचा दुसरा हप्ता मात्र जन्मनोंद आणि लसीकरण दाखवल्यावरच मिळतो. ज्या खात्यांना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलीचा हिशोब अजून नीट जमलेला नाही, त्यांना फडावरची बाळंतीण कशी सापडणार?

आणि रक्कम किती? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये देऊ केले. 2017 मध्ये मातृवंदना योजना आली ती 5000 ची आणि पहिल्याच अपत्यापुरती. 2022 पासून दुसरी मुलगी झाली तर 6000. ऊसतोडीचा दर 34 टक्के वाढल्यानंतर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. दिवसाला दोन टन धरले तर 5000 म्हणजे एका कोयत्याची आठवडाभराची कमाई. आठवड्याच्या पैशावर सहा महिन्यांचा हंगाम कोण सोडेल?

बाळंतपणात बुडणारी मजुरी भरून द्यावी, ही मागणी नवी नाही. मुंबई कायदेमंडळात 1928 साली बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. 1929 मध्ये कायदा झाला, तो कारखान्यांतल्या बायकांसाठी. आज नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि ती योग्यच आहे. ऊस मात्र कारखान्यात जातो आणि तोडणारी फडातच राहते. मध्ये मुकादम उभा असल्यामुळे ती कारखान्याची कुणीच लागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलं आहे. त्यातून सहावा महिना लागलेल्या बाईची हंगामाची मजुरी तिच्याच खात्यात टाका, नवऱ्याला पूर्ण कोयत्याची उचल द्या, आणि तिला गावात राहू द्या. उचलीचे पैसे वेळेवर कसे पोचवायचे हे साखर धंद्याला चांगलं येतं, त्यामुळे पैसे पोचवण्याची अडचण कुणी सांगू नये. जी तरीही जाईल तिचं कार्ड फडाजवळच्या आरोग्य केंद्राने आपलं मानावं.

दसऱ्याच्या आधीच आशाताईच्या वहीत गरोदर बायकांची यादी तयार असते, कोणाला कितवा महिना आहे त्यासकट.