माळ घालण्याआधी

आदिलाबाद,
पौष महिना

चि. भाचीस,

तुझं पत्र मिळालं. भजनात टाळ-मृदंगाने लय धरली की लहानपणापासून तुझे डोळे भरून येतात. हैदराबादेत विज्ञान शिकताना मात्र वाटतं, ही श्रद्धा म्हणायची की घरचं वळण? आणि शेवटी विचारलंस, ‘मामा, मी तुळशीची माळ घालू का?’

आधी त्या भरून येण्याबद्दल. ते खरं आहे, त्याची लाज बाळगू नकोस. जस्टिन बॅरेट या मानसशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मुलांच्या श्रद्धेवर एक पुस्तक लिहिलं. मुलांचं मन मुळातच देवाच्या कल्पनेकडे सहज झुकतं, असं त्याचं म्हणणं. पण त्यातून देव आहे हे सिद्ध होत नाही, आणि नाही हेही होत नाही. ओढ उपजत असेल किंवा आजीच्या मांडीवर लागली असेल, ती तुझी आहे. तिचं पुढे काय करायचं, हा खरा प्रश्न.

कारण नुसती ओढ पुरत नाही. नामदेवांहून मोठी उपजत भक्ती कोणाची? परंपरा सांगते की लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला. तरीही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं ठरवलं आणि त्यांना गुरुउपदेशासाठी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. देव पंढरपुरातच आहे हा लाडका समज तिथे सुटला. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आली.

आपल्या जिल्ह्यातच बघ. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा गोंडांच्या मेसराम कुळाचा देव, म्हणजे त्यांना तो जन्मानेच मिळालेला. तरी दरवर्षी मेसराम मंडळी अनवाणी चालत जन्नारमकडच्या हस्तिनमडुगूला जातात, गोदावरीचं पाणी झारीत भरतात आणि चालतच परत येतात. त्या पाण्याने अभिषेक होतो, मग पूजा. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. ती झाल्यावरच सून देवाच्या पूजेची हक्कदार होते. वारशाने आलेला देवसुद्धा दर वर्षी नव्याने चालून आपलासा करावा लागतो, हे मी या गोंड शेजाऱ्यांकडून शिकलो. आपली पंढरीची वारी दुसरं काय सांगते?

माझंही असंच झालं. भजनाची गोडी होती, विश्वास मात्र नव्हता. वडील गेल्यावर घरातला हरिपाठ बंद पडू नये, एवढ्यासाठी मी तो म्हणू लागलो. कितीतरी दिवस नुसते शब्द होते. मग एका वर्षी परतीच्या पावसाने वेचणीला आलेला कापूस भिजवला. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. संध्याकाळी मी सवयीने हरिपाठाला बसलो, आणि तुझी मामी, मुलं एकेक करून शेजारी येऊन बसली. पीक परत आलं नाही. पण आपण एकटे नाही, हे त्या रात्री मला कळलं, आणि तेव्हापासून ते कधी सुटलं नाही. माझी श्रद्धा तिथली आहे.

म्हणून तुला सांगतो. माळ लगेच घालू नकोस. माळेबरोबर एकादशी येते, मद्यमांस सुटतं, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी येते. गळा भरून आला त्या क्षणी हे सगळं सोपं वाटतं. तेव्हा आधी हरिपाठ धर. होस्टेलच्या खोलीतल्या मुलींची झोपमोड न करता, हळू आवाजात. मन लागेल त्या दिवशी म्हण, आणि लागणार नाही त्या दिवशी जरूर म्हण.

शंका येतील. त्या दाबू नकोस, प्रयोगशाळेतलं शिक्षणही सोडू नकोस. जी श्रद्धा प्रश्नाला घाबरते ती संकटात टिकत नाही. एकटीही राहू नकोस. हैदराबादेत मराठी मंडळी आहेत, भजनाला जात जा. आपल्याहून वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांशी आदराने बोल. मेसरामांच्या पूजेत मला जे दिसलं, ते माझ्या पोथीत शोधून सापडलं नसतं.

आणि परीक्षा एकच ठेव. हरिपाठानंतर मेसमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंशी तुझं बोलणं मऊ झालं का? मैत्रिणीचं यश बघून मन कमी जळतं का? होत असेल तर वाट बरोबर आहे. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा या खुणांवर जास्त भरवसा ठेव.

आषाढात आपल्या भागातली दिंडी निघेल तेव्हा माझ्याबरोबर चाल. पंढरपूरला पोचल्यावरही माळ घालावीशी वाटली, तर मी स्वतः तुला महाराजांकडे घेऊन जाईन. नाही वाटली, तर हरिपाठ तेवढा चालू ठेव. दोन्हीत मला सारखाच आनंद आहे.

तुझा,
मामा