फेरफार क्रमांक

करवीर तालुक्यातल्या आमच्या जमिनीचा सातबारा हातात आला की मी आधी नावाशेजारच्या वर्तुळातला आकडा बघतो. तो फेरफार क्रमांक. गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार वहीत, त्या क्रमांकाची नोंद काढली की आजोबांचं नाव कधी कमी झालं, वारस कोण लागले आणि कोणत्या कागदाच्या आधारे लागले, ते सगळं कळतं. तलाठ्यानं नोंद धरायची, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची. नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा वेगवेगळा असतो, यातच या व्यवस्थेचं मर्म आहे.

कोल्हापुरात इंजिनिअर होऊन हिंजवडीला गेलेली, परदेशी बँकांचे मेनफ्रेमवरचे कोबोल प्रोग्रॅम सांभाळणारी मुलं-मुली भेटली की मला हा सातबारा आठवतो. त्यांच्या टीमसमोर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सोर्स कोडच्या आवृत्त्या सांभाळायला मेनफ्रेमवरचं एंडेव्हर किंवा चेंजमॅन ठेवावं, की गिटवर जावं?

वाद बहुतेक वेळा सवयीपाशी अडतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी केलेलं गिट नव्या मुलांना कॉलेजातच येतं. मेनफ्रेमचा हिरवा पडदा मात्र नोकरीत शिकावा लागतो. हे कारण खरं आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं.

पहिला प्रश्न असा की, आज रात्री बॅचमध्ये जो लोड मॉड्यूल, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम, चालणार, तो नेमका कोणत्या सोर्समधून तयार झाला? एंडेव्हर त्याचं उत्तर फूटप्रिंटच्या रूपात मॉड्यूलमध्येच कोरून ठेवू शकतं. तोच तो वर्तुळातला आकडा. गिट ही फार चांगली फेरफार वही आहे, पण कंपाइल करणं तिचं काम नाही. अनेक प्रोग्रॅमना सामाईक असलेल्या कॉपीबुकमधल्या एका फील्डची लांबी वाढली की ते कॉपीबुक घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल व्हावा लागतो, आणि हे नातं गिट स्वतःहून ओळखत नाही. त्यासाठी आयबीएमच्या डिपेन्डन्सी बेस्ड बिल्डसारखं वेगळं साधन जोडावं लागतं. एखादा प्रोग्रॅम राहून गेला तर बॅच बंद पडेलच असं नाही. ती शांतपणे पूर्ण होऊन चुकीची शिल्लक लिहील, आणि हे जास्त वाईट.

दुसरी अडचण लिपीची. मेनफ्रेमवरचा कोड एबसिडिक या अक्षरसंकेतात, गिटच्या भांडारात तो सहसा यूटीएफ-८ मध्ये जातो. अक्षरं नीट उतरतात. पण जुन्या माणसांनी लिटरलमध्ये थेट घातलेले, पडद्यावर न दिसणारे बाइट जाऊन परत येताना बदलू शकतात. मोडीतला दस्त देवनागरीत आणताना एक अक्षर चुकलं की माणसाचं नाव बदलतं, तसंच हे. म्हणून स्थलांतराआधी प्रत्येक मेंबर, म्हणजे प्रत्येक सोर्स फाइल, तपासायला हवा.

एवढं सांभाळणार असाल तर माझा कौल गिटला आहे. एंडेव्हरमध्ये एकानं एलिमेंट साइनआउट केलं की दुसऱ्यानं हात बांधून बसायचं, ही रीत मोठ्या टीमला जाचते. शिवाय पुढची वीस वर्षं हा कोड सांभाळणारी माणसं गिट शिकून आलेल्या पिढीतूनच येणार आहेत. मात्र बदल करणाऱ्यानंच मंजुरी द्यायची सोय ठेवू नये. आणि फक्त शेवटची आवृत्ती उचलून जुना इतिहास टाकून देणं मला अजिबात मान्य नाही. आजचा सातबारा उतरवून घ्यायचा आणि फेरफार वही रद्दीत घालायची, असं कुठला शेतकरी करेल? इतिहास नेता येत नसेल तर जुनं साधन निदान वाचण्यापुरतं चालू ठेवा.

निवडीच्या बैठकीआधी एक काम करा. रात्रीच्या बॅचमधला कोणताही एक लोड मॉड्यूल उचला आणि दोन्ही साधनांतून त्याचा सोर्स, त्यात शेवटचा बदल करणारा आणि त्याला मंजुरी देणारा शोधून काढा. मगच बैठकीला बसा.