नेम कोणाचा?

इ. स. १८६० च्या जुलै महिन्यात विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संस्थेची पहिली स्पर्धा भरली, तेव्हा पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ बनावटीची ती रायफल लोखंडी आधारावर आधीच रोखून घट्ट बसविलेली होती. लक्ष्य ४०० यार्डांवर होते. राणीने केवळ एक रेशमी दोरी ओढली आणि गोळी लक्ष्याच्या मध्याजवळ जाऊन बसली. इतिहासात ती राणीची गोळी म्हणून नोंदली गेली. रायफल रोखून ठेवणारे हात मात्र विस्मृतीत गेले. संस्थानी काळातील शिकारीची छायाचित्रे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. त्यांतही वाघावर पाय ठेवून उभे असतात ते महाराज किंवा त्यांचे गोरे पाहुणे. माग काढणारे, मचाण बांधणारे, हाकारे घालणारे बहुधा चौकटीबाहेर.

साधनाने किती करावे आणि माणसाने किती, हा प्रश्न आज एका अगदी साध्या प्रसंगी पुन्हा उभा राहतो. दूर पल्ल्याच्या नेमबाजीची हौस असलेला गृहस्थ रायफलीवर बसविण्यासाठी दुर्बीण निवडू लागतो तेव्हा तो काय विकत घेत असतो? दृष्टी, की नेम?

ऑलिंपिकने या प्रश्नाचे उत्तर कठोरपणे दिले आहे. तेथे रायफलीवर दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते मागचे बारीक छिद्र आणि पुढचे वलय यांतून पाहूनच. दहा गुणांचे वर्तुळ तेथे अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. ही शुद्धता आम्हाला आदरणीय वाटते. परंतु तिच्यात एक निष्ठुरता आहे, हेही नाकारता येत नाही. उतारवयात डोळ्यातील भिंग ताठर होते, जवळचे वलय आणि दूरचे लक्ष्य यांचा मेळ बसेनासा होतो. वाऱ्याची भाषा ज्याला चाळीस वर्षांच्या सरावाने कळू लागली, त्यानेच नेमके त्या वेळी मैदान सोडावे काय?

कॅनडातील जॉर्ज फार्क्वारसन यांच्यासारख्या वयस्क नेमबाजांपुढे हाच पेच होता. त्यांनी दुर्बीण आणि रायफलीखाली आधार यांची मुभा असलेला प्रकार पुढे आणला. त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरूनच तो ‘एफ क्लास’ म्हणून ओळखला जातो. आमच्या मते यातील खरी नैतिक सूक्ष्मता सवलतीत नाही, तिच्या हिशेबात आहे. दुर्बीण दिली, पण वर्तुळे निम्म्याने लहान केली. अमेरिकेतील नियमांप्रमाणे १००० यार्डांवर सर्वांत आतले वर्तुळ एरवी १० इंचांचे असते, एफ क्लासमध्ये ते ५ इंचांचे. जेवढा आधार घेतला तेवढी अपेक्षा वाढली, आणि तीही उघडपणे, सर्वांसाठी सारखी. त्याच्या एका उपप्रकारात रायफल, दुपायी आधार आणि दुर्बीण मिळून वजन ८.२५ किलोग्रॅमच्या वर जाता कामा नये. म्हणजे जड काच घेणाऱ्याने नळी हलकी करावी. राणीच्या रेशमी दोरीला असा कुठलाच काटा लावलेला नव्हता.

आता निवडीकडे वळू. नवखा मनुष्य प्रथम विचारतो, किती पट मोठे दिसते? वाढत्या पटीबरोबर लक्ष्य मोठे होते खरे, पण हाताचा कंप, छातीचा ठोका आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर हीही तितकीच मोठी होतात. दृष्टिक्षेत्र आकसते, प्रकाश मंदावतो. ५६ मिलिमीटरचे भिंग ४० पटीवर डोळ्याकडे अवघी १.४ मिलिमीटरची प्रकाशशलाका पाठविते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच दिसले नाही, हे आपण बाळपणापासून कौतुकाने सांगत आलो. १००० यार्डांवर तसा अर्जुन हरेल, असे म्हणण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. तेथे झेंडेही दिसावे लागतात. अनुभवी नेमबाज उन्हाच्या वेळी पट मुद्दाम उतरवितो, तो याच कारणाने.

डोळा किंचित सरकला की लक्ष्यावरची रेघ हलल्यासारखी वाटणे, हा दृष्टिभेद दूर करणारी चकती नीट असावी; फिरविलेली खूण प्रत्येक वेळी तेवढीच सरकावी आणि उलट फिरविताच मूळ जागी यावी. काचेच्या लखलखाटापेक्षा आम्ही या प्रामाणिकपणाला अधिक किंमत देऊ. बाकी नाव आणि दाम हे दुकानदाराचे विषय.

कितीही दाम मोजले तरी वारा दुर्बिणीत येत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ कॅलिबरच्या गोळीला १००० यार्डांवर दोन मीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक बाजूला नेतो. गोळीचा प्रवास दीड सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात मध्यावरचा वारा पालटूही शकतो. हवेची थरथर कोणत्या दिशेला कलते आहे हे काच दाखविते. ती वाचून किती खुणा फिरवायच्या, की गोळी रोखूनच धरायची, हे ठरविणाऱ्याचा नेम आम्ही त्याचाच मानतो, मग त्याच्या डोळ्यावर चष्मा असो, मोतीबिंदूनंतर बसविलेले भिंग असो वा ही दुर्बीण असो.

बिस्लीच्या मैदानावर, जेथे ती १८६० ची स्पर्धा १८९० पासून भरत आली आहे, स्पर्धक जोडीने पालीपालीने गोळ्या झाडतात आणि गुण एकमेकांचे लिहितात. आपली गोळी सुटली की डोळा दुसऱ्या दुर्बिणीला लावायचा, शेजाऱ्याची गोळी कोठे बसली ते पाहायचे आणि जसे दिसले तसे कागदावर उतरवायचे.