पंखांचा दृष्टांत: ज्ञान, कर्म आणि मोक्षाची वाट

पंख असलेला जीव भारतीय धर्मविचारात तीन रूपांत भेटतो: देवाचे वाहन, यज्ञाची वेदी आणि आत्म्याचे प्रतीक. विष्णूचे वाहन गरुड हे पहिले रूप सर्वांच्या ओळखीचे आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील गरुडखांबाला भाविक आजही आलिंगन देतात. दुसरे रूप श्रौतयज्ञातले. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या आकाराची चिती रचावी, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. अशा चितीचे विटांचे पाच थर असतात आणि तिची मापे शुल्बसूत्रांत दिलेली आहेत.

उपनिषदांत हा पक्षी माणसाच्या आत येतो. तैत्तिरीयोपनिषद अन्नमयापासून आनंदमयापर्यंत प्रत्येक कोशाला डोके, उजवा पंख, डावा पंख, धड आणि शेपूट कल्पिते. विज्ञानमय कोशात श्रद्धा हे डोके, ऋत आणि सत्य हे दोन पंख, योग हे धड. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत: एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. हे जीव आणि ईश्वर, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. द्वैतवाद्यांना त्यात दोघांचा खरा भेद दिसतो, तर अद्वैती तो भेद उपाधीपुरता मानतात.

खरा वाद रंगतो तो मोक्षाच्या साधनावर. योगवासिष्ठाच्या आरंभी सुतीक्ष्ण अगस्तींना विचारतो, की मोक्षाचे कारण कर्म, ज्ञान की दोन्ही? अगस्तींचे उत्तर असे, की पक्षी जसा दोन्ही पंखांनी आकाशात उडतो, तसे ज्ञान आणि कर्म या दोहोंनी परमपद लाभते. हा ज्ञानकर्मसमुच्चयाचा पक्ष. शंकराचार्यांनी गीताभाष्यात समुच्चयाचे खंडन केले आहे. कर्म चित्तशुद्धीपुरते उपयोगी. अज्ञान मात्र ज्ञानानेच जाते, असे त्यांचे म्हणणे.

ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, गीतेवर ओवीबद्ध टीका लिहिली. तिच्या तिसऱ्या अध्यायात त्यांनी पक्षी वेगळ्या कामाला लावला आहे. पक्षी एका झेपेत फळ गाठतो. माणसाला ते जमत नाही. तो फांदी-फांदीने, पण खात्रीने वर पोचतो. झेप घेणारा तो ज्ञानी. आपल्या वाट्याचे कर्म करत चढणारा तो कर्मयोगी. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळतात, हेही ज्ञानेश्वरांनी त्याआधीच सांगून ठेवले आहे. म्हणजे योगवासिष्ठात कर्म हा पक्ष्याचाच एक पंख आहे, तर इथे कर्म करणाऱ्याला पंखच नाहीत. तरीही तो फळाला मुकत नाही. पुढे साधकांच्या बोलीत विहंगम मार्ग आणि पिपीलिका, म्हणजे मुंगीचा मार्ग, अशी जोडी रूढ झाली. वराहोपनिषदात पहिला शुकाचा, दुसरा वामदेवाचा मानला आहे.

ग्रीक विचारात प्लेटोनेही आत्म्याला पंख दिले. 'फीड्रस' या संवादात आत्मा पंख गळून देहात पडतो आणि सौंदर्याच्या दर्शनाने ते पंख पुन्हा फुटू लागतात. तिथे पंख गमावण्याचा आणि मिळवण्याचा प्रश्न आहे. भारतीय ग्रंथांतील हा वाद पंख किती आणि कोणाला, यावर चालतो.

न्यायशास्त्रात अनुमानाला उदाहरण लागते, पण हेतूवाचून नुसत्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. पंखांच्या दृष्टांतालाही तोच नियम लागू आहे. एकाच पक्ष्याकडून समुच्चयही शिकवता येतो आणि अधिकारभेद, म्हणजे ज्याच्या-त्याच्या पात्रतेप्रमाणे वेगळी वाट, हाही. तेव्हा निवाडा दृष्टांतावर न ठेवता ज्ञान आणि कर्म यांचा संबंध तपासूनच करावा लागतो.