वाळूची रास आणि अवयवी

अवयवी, म्हणजे घटकांहून निराळी सबंध वस्तू, मानण्यासाठी न्यायदर्शनाची न्यायसूत्रे सांगतात की वस्तू एका टोकाला धरून ओढली तर ती सगळी येते. त्यांचा भाष्यकार वात्स्यायन याने मात्र याचे कारण संग्रहात, म्हणजे ओलाव्याने वा भाजल्याने येणाऱ्या एकसंधपणात शोधले, जो धुळीच्या राशीत नसतो. कोरडी वाळू या विभागणीत नीट बसत नाही: चिकटपणा नसूनही, थर एकमेकांवर सरकवू पाहणाऱ्या कर्तनबलाला ती घर्षणाने अडवते, आणि घट्ट रचलेले कण परस्परांवर चढून रास फुगते; हे फुगणे अभियंते रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये मांडले. कंडॉल व स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या संगणकीय प्रतिमानात प्रत्येक कणाची गती सुटी मोजली जाते. राशीसाठी वेगळे समीकरण नसतानाही राशीचे बळ उमटते. अवयवी नाकारणाऱ्या बौद्धांना हे रुचले असते, परंतु ते बळ कोणत्या कणाचे, हा नैयायिकांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.