नामाचा अधिकार

दारव्हा आणि पुसद यांच्या दरम्यान वसलेल्या दिग्रस या कसब्यात 1900 च्या सुमारास जन्मलेला आणि साठीपर्यंत गावाची वेस फारशी न ओलांडलेला एखादा गृहस्थ कल्पनेत उभा करावा, आणि त्याने आयुष्यात किती देशांत वास्तव्य केले याचा हिशोब सरकारी दफ्तरावरून मांडावा; तो एखाद्या जगप्रवाशाला लाजवील असा निघतो. तो जन्मला तेव्हा त्याचा मुलूख नावाने निजामाचा, परंतु फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेलेला होता, आणि कागदोपत्री त्याला 'हैदराबादचे तोडून दिलेले जिल्हे' अशी, हाक मारण्यास सर्वस्वी निरुपयोगी, संज्ञा होती. तो बोबडे बोलू लागला असेल-नसेल तोच, 1902 साली, निजामाने वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश इंग्रज सरकारला कायमच्या इजाऱ्याने दिला, आणि पुढच्याच वर्षी त्याची रवानगी मध्यप्रांताच्या कारभारात झाली. जिल्ह्याचे नाव वणी, कचेरी मात्र यवतमाळास, हा विनोद 1905 पर्यंत चालू राहिला. त्या वर्षी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. गृहस्थ ऐन कर्तेपणात असता 1936 च्या करारान्वये निजामाचे युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले, म्हणजे ज्या भूमीवर एका रुपयाचा महसूल त्यांना वसूल करता येत नव्हता तिचे नाव तेवढे त्यांना मिळाले, आणि प्रांत 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या जोडनावाने ओळखला जाऊ लागला. 1950 साली हा मनुष्य मध्यप्रदेशाचा रहिवासी झाला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचा, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा. एवढ्या अवधीत त्याची काळी जमीन, तीतील पऱ्हाटी आणि तूर, आणि बोलण्यातला वऱ्हाडी हेल यांत या हुकूमनाम्यांमुळे तिळमात्र फरक पडला नाही.

याच साठ वर्षांत त्याच्या घरी व्रते, श्राद्धे, लग्ने झाली असतील, आणि प्रत्येक वेळी उपाध्यायाने संकल्प सोडताना यजमान पृथ्वीच्या पाठीवर कोठे बसला आहे ते यथासांग सांगितले असेल: जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचे उत्तर तीर. या नामावळीत बेरार नाही, मध्यप्रदेश नाही, महाराष्ट्र नाही, आणि ज्याच्या प्राचीनतेचा इतका अभिमान वाहिला जातो तो विदर्भही नाही. राज्यकर्ते बदलले, तरी संकल्पातील पत्ता बदलला नाही. त्याच गावातल्या मशिदीत नमाजाला उभ्या राहिलेल्या त्याच्या शेजाऱ्याला तर देशाच्या नावाची गरजच नव्हती. त्याला किब्ल्याची दिशा पुरत होती. देशाच्या नावावरून एवढे वाद माजत असताना धर्मकृत्याला त्या नावावाचून चालते, किंवा फार तर नदी आणि अरण्य यांच्या खुणेवर भागते, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

नाम आणि नामी यांचा संबंध कोणत्या प्रकारचा, हा आपल्याकडील दर्शनांचा जुना कलह होय. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो कोणी केलेला नाही व कोणाला मोडता येणार नाही. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो, मग तो संकेत ईश्वराचा असो की माणसाचा. आणि बौद्ध आचार्य दिङ्नाग याने तर शब्दाला स्वतःचा भावरूप अर्थच नाकारून, 'गाय' म्हणजे केवळ 'गाय नसलेल्या सर्वांची व्यावृत्ती', असा अपोहाचा सिद्धांत मांडला. विद्वानांची ही भांडणे आपण शाळेबाहेर ठेवून दिली, परंतु देशनामाचा वाद निघाला की प्रत्येक जण नकळत यांपैकी एका पंथाला जाऊन मिळतो. जो म्हणतो की या भूमीचे खरे नाव अमुकच, बाकी सगळी उपरी, तो मीमांसक. जो म्हणतो की राजपत्रात छापले तेच नाव, तो नैयायिक, आणि त्याचा ईश्वर बहुधा सचिवालयात बसतो.

वऱ्हाडाच्या बाबतीत मीमांसकाची मोठी पंचाईत होते, कारण नित्य म्हणावे असे नावच सापडत नाही. अबुल फजल सांगतो की पूर्वी याला वरदातट म्हणत, म्हणजे वर्धा नदीचा काठ. कोणी ते विराटाशी जोडतात. आणि लोकांना विचाराल तर रुक्मिणीच्या लग्नाला जमलेले वऱ्हाड ते हेच, म्हणून हे वऱ्हाड. या उपपत्तींतून निवाडा करणे माझ्या आवाक्यातले नाही, आणि निवाडा झाल्याने कोणाचे नाव अधिक खरे ठरेल असेही मला वाटत नाही. यवतमाळ हे नाव तरी कोठे शुद्ध आहे? मूळचे यवत, त्याला मोगली अमदानीतील 'महाल' चिकटला आणि झिजून 'माळ' झाला. आज फारसीचा पुरस्कार करणारा व तिचा तिटकारा करणारा असे दोघेही ते सारख्याच आपुलकीने उच्चारतात. 'विदर्भ' हे दमयंती व रुक्मिणी यांच्या माहेराचे नाव निःसंशय प्राचीन. संस्कृत साहित्यशास्त्रात तर ते देशावरून उठून रचनेच्या एका निर्दोष रीतीला जाऊन बसले. परंतु आज त्या नावात वऱ्हाडचे जुने चार जिल्हे आणि नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे मध्यप्रांतातील जुने जिल्हे एकत्र नांदतात, ते विसाव्या शतकातील राजकारणाने घातलेले कुंपण आहे. नाव पुराणातले आणि सीमा ठरावातल्या, असा हा संसार. ठराव म्हटला तो 1938 साली नागपूरच्या विधिमंडळाने महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांतासाठी केलेला. पुढे 1947 च्या अकोला कराराने महाराष्ट्राशी एकत्र राहण्याच्या अटी आखल्या, 1953 च्या नागपूर कराराने त्या पुन्हा लिहिल्या, आणि 1955 साली राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती अमलात आली नाही. याच जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे 1962 साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले ते विदर्भाच्या मागणीच्या बळावर. आयुष्यभर लोकमान्यांचा वारसा सांगणारा हा पुरुष स्वतःस महाराष्ट्रीय म्हणवून घेण्यास लाजत होता असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही.

महानुभावांनी या प्रश्नाचा विचार काही शतके आधी, आणि माझ्या मते अधिक सखोलपणे, केला होता. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली; तेव्हा महाराष्ट्र म्हणजे नेमके कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न त्यांच्या अनुयायांपुढे आचारधर्माचा प्रश्न म्हणून उभा राहिला. त्यांच्या भाष्यकारांनी मराठी मुलखाची निरनिराळी मंडळे मोजली, वऱ्हाड हे त्यांतील एक स्वतंत्र मंडळ मानले, आणि तरीही ही सर्व मिळून महाराष्ट्रच म्हणावीत असे सांगितले. ज्या प्रदेशात धर्माचरण निर्वेध सिद्धीस जाते तो हा देश, अशी त्यांची दृष्टी होती. तेथे नाव साधकाला उपयोगी पडण्यासाठी होते. ते दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यासाठी नव्हते.

भक्तिमार्गात नाम आणि नामी यांचा अभेद मानतात, आणि तो तेथे शोभतोही. ईश्वराला पाहिलेला कोणी नाही, तेव्हा नाम हेच त्याचे रूप. पण हाच अभेद आपण देशाला लावतो, आणि नावाला धक्का लागला की देशच खंडित झाला असे मानून लाठ्या उगारतो, तेव्हा देवाची भक्ती मातीच्या मालकीत उतरवल्याचा दोष आपल्याकडे येतो. देश तर डोळ्यांसमोर आहे. त्याला अनेक नावे सोसतात.

दिङ्नागाचा सिद्धांत मात्र दिग्रसच्या आसपासच्या तांड्यांत रोज सिद्ध होतो. तेथील लोकांना शेजारी बंजारा किंवा लमाण म्हणतात; दक्षिणेकडे त्यांनाच लंबाडा, सुगाली अशी नावे आहेत; पण ते आपल्यात स्वतःला 'गोर' म्हणवतात, आणि जो गोर नव्हे त्या प्रत्येकाला, मग तो देशमुख असो की कलेक्टर, 'कोर'. आमच्या सगळ्या कुळ्या, पोटजाती, गोत्रे, बिरुदे यांचा त्या एका शब्दात निकाल लागतो. जिल्ह्यातील गोंडही आपल्या बोलीत स्वतःस 'कोयतूर' म्हणतात. नाव ही कुंपणाची काठी आहे, आणि ती आतून रोवली आहे की बाहेरून, यावर सगळे अवलंबून. एकच समाज महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि तेलंगणात अनुसूचित जमाती ठरतो. पैनगंगेच्या आणि त्यापलीकडच्या सीमा ओलांडताना बिचारा तोच राहतो, त्याचा रकाना बदलतो. पोहरादेवीच्या यात्रेला तिन्ही राज्यांतून माणसे येतात, तेव्हा ती कोणत्या रकान्यातली असतात?

आता या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. संकल्पात उपाध्याय काळ सांगताना 'बौद्धावतार' म्हणतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना जी दीक्षा व 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार होय ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. ज्या संकल्पाची मी वर एवढी प्रशंसा केली त्यातही दुसऱ्याचे नाव त्याच्या संमतीवाचून आपल्या यादीत ओढून घेतलेले होते, हे मान्य केले पाहिजे. विदर्भातील गावोगावची जी माणसे त्या दिवशी नागपुरास गेली ती मध्यप्रदेशाच्या राजधानीत गेली. अठरा दिवसांनी ती राजधानी उरली नाही आणि ती माणसे मुंबई राज्याची झाली. पण त्यांना त्या दुसऱ्या बदलाचे सुखदुःख फारसे झाले असेल असे वाटत नाही. पहिला बदल त्यांचा होता.

येथे एक विसंगती दिसते. ज्या धर्माचा भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतो की 'नागसेन' ही केवळ व्यवहारासाठीची संज्ञा, तिच्यामागे कोणी पुद्गल सापडत नाही, त्या धर्मात शिरताना लोकांनी नावाचा एवढा आग्रह का धरावा? परमार्थाने नाव पोकळ असेल. व्यवहारात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका नावाने ज्याला विहिरीपासून दूर ठेवले, त्याला ते नाव पोकळ आहे असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. बौद्ध दर्शन संवृतिसत्य आणि परमार्थसत्य वेगळी करते, आणि संवृतीच्या पायरीवरूनच परमार्थाकडे जाता येते असे मानते. पुढे सरकारी कागदांत या लोकांना 'नवबौद्ध' म्हणण्याची प्रथा पडली, आणि त्यांच्यातील अनेकांना ती खटकली. 'नव' या उपसर्गात कोणी तरी उंबऱ्यावर उभे राहून आत येणाऱ्याची चौकशी करतो. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडले. म्हणजे स्वतः घेतलेल्या नावाची किंमत त्यांनी 34 वर्षे केंद्राच्या सवलती गमावून मोजली, आणि नाव सोडले नाही.

म्हणून मला असे वाटते की नाव कोणाचे खरे, याचा निवाडा हाक मारणाऱ्याने करू नये. ज्याला 'ओ' द्यायची आहे त्याने करावा. प्राचीनता, व्युत्पत्ती, राजपत्र हे सारे साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. आणि 'ओ' देणारेच आपसांत भांडले तर? घटना समितीत 18 सप्टेंबर 1949 रोजी पहिल्या अनुच्छेदावर हेच घडले. मध्यप्रांत व वऱ्हाडातून गेलेल्या हरि विष्णु कामतांनी 'भारत' हे नाव आधी व 'इंडिया' इंग्रजीपुरते, अशी दुरुस्ती मांडली. त्याच प्रांताचे शेठ गोविंददासही भारताच्या बाजूने बोलले. दुरुस्ती 38 विरुद्ध 51 मतांनी पडली आणि 'इंडिया, अर्थात भारत' हे जोडनाव कायम झाले. ज्यांचा स्वतःचा प्रांतच 'व' या अव्ययाने जोडलेला होता त्यांनी 'अर्थात'वर हरकत घ्यावी, ही गंमत त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे. त्या जोडनावाची आजही चेष्टा होते. मला ते त्या घटनेतील समंजस शब्दांपैकी एक वाटते, कारण ते दोघांनाही 'ओ' देऊ देते.

हाच न्याय विदर्भाला लावावा. दिग्रसच्या माणसाने स्वतःस वऱ्हाडी म्हणावे, वैदर्भीय म्हणावे, महाराष्ट्रीय म्हणावे, तिन्ही म्हणावे. त्यातून कोणाचा द्रोह होत नाही. परंतु वेगळे राज्य असावे की नसावे हे ठरवताना रुक्मिणीचा पिता भीष्मक राजा याला साक्षीस बोलावू नये, आणि विरोधकांनीही महाराष्ट्र या नावाची शपथ घालून वाद बंद करू नये. 1953 च्या करारात नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा आणि खर्च यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे जे लिहून दिले, ते पाळले गेले की नाही, याचा जिल्हावार हिशोब दोन्ही पक्षांनी समोर ठेवावा आणि त्यावर भांडावे.