पदराला लावलेला माइक

माझ्याकडे सात माइक आहेत. चार गरजेपोटी घेतले, तीन स्वतःच्या चुकीवर पांघरूण म्हणून. आवाज लांबून आला, घुमला, वाऱ्यानं फाटला, की मी नवा माइक बघायला लागायचो. खरं तर माइक बदलायचा नसतो, पुढे सरकवायचा असतो. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो, आणि भारीतला माइक तो घुमारा जास्त इमानानं टिपतो. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण पुढे सरकवला की माइक चौकटीत दिसतो, आणि माझा जीव चौकटीत.

ही झाली धंद्यातली चोरी. लिहायला बसलोय ती दुसरीच गोष्ट आहे.

मुळशी तालुक्यातल्या एका वाडीत जात्यावरच्या ओव्या चित्रित करायला गेलो होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पानं लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी या मुळशी-मावळच्या बायकांच्याच. आमच्यासारखे मागून आलेले, उरल्यासुरल्या आज्या शोधत फिरतात. ही आजी ऐंशीच्या पुढची. जातं माळ्यावरून खाली काढलेलं, फक्त माझ्यासाठी.

खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. अशा खोलीत लांब नळीचा शॉटगन माइक फसवतो. बाजूचे आवाज गाळणं हे त्याचं काम, पण पत्र्यावरून आणि भिंतींवरून परतलेला आवाज तो सरळ गाळू शकत नाही. मग गाणारी डब्यात बसल्यासारखी वाटते. म्हणून छोटा माइक स्टँडवरून आजीच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरला आणि जोडीला कॉलर माइक लावायचा ठरवला. पण नऊवारीला कॉलर कुठली? दळताना बाई पुढे-मागे झुलते, पदर घासतो, काकणं वाजतात. काकणं काढा म्हणण्याइतका मी वाया गेलो नव्हतो. सुनेनं माइक पदराच्या काठाला आतून चिकटपट्टीनं बसवला, ट्रान्समीटर कमरेला खोचला. ओठांपासून एक वीत. हेडफोनमध्ये आजी माझ्या कानाशीच बसली.

पाच-सहा ओव्या झाल्या. सुरेख झाल्या. चौथीच्या शेवटी बाहेरून एक मोटरसायकल गेली होती. मी म्हणालो, "आजी, जरा दम घ्या, मग तेवढी एक परत म्हणू." ती उठून आत चुलीपाशी गेली. माइक पदरालाच होता. रेकॉर्डर चालू होता. आणि हेडफोन माझ्या कानावर होते.

हेडफोन काढायला किती वेळ लागतो? हात कानापर्यंत जाण्याइतका.

मी काढले नाहीत. आधी धाप ऐकू आली, लांब, शिट्टीसारखी, आत घेताना अडकणारी. मग सून म्हणाली, "न्हाई जमत म्हून सांगा की त्यास्नी." आणि आजी म्हणाली, "लांबनं आलाय. छातीत भरतंय त्ये कशाला सांगायचं." भिंतीमुळे सिग्नल मध्ये मध्ये तुटत होता आणि मी, लाज वाटते लिहायला, रिसीव्हर उचलून दाराच्या बाजूला धरला. नीट ऐकू यावं म्हणून.

आजी बाहेर आली. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" उत्तर काय येणार ते मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय." पुन्हा खुंट्याला हात घातला आणि चौथी ओवी परत म्हणाली. मी आवाजाची पट्टी बघत होतो, उणे बाराच्या आसपास, कुठेही फाटत नव्हती. गावातल्या ओवीत मोटरसायकल आली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? काही नाही. ते तिथलंच आयुष्य आहे. पण मला स्वच्छ आवाज हवा होता, आणि तो देणाऱ्या बाईची छाती भरून आलीय हे मला तिच्याच पदरातून कळलं होतं. कळलं नसतं तर मी अडाणी ठरलो असतो. कळून मी जो ठरलो, त्याला अजून शब्द सापडत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. संकलनाला बसलो तेव्हा ती चुलीपाशची फाइल पुसायच्या ऐवजी तीनदा ऐकली. बोलणं वापरलं नाही. तेवढी नीती शिल्लक होती, किंवा ते बोलणं माझ्यावर उलटलं असतं हा हिशेब होता. दोन्हीतलं काय खरं हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. पण धाप वापरली. फिल्मच्या सुरुवातीला काळा पडदा, त्यावर फक्त तो श्वास, नऊ सेकंद, मग जात्याची घरघर. पुण्यातल्या खेळाला लोकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. एकानं विचारलं, हा श्वास कोणत्या माइकवर घेतला? मी माइकचं नाव सांगितलं. किंमतही सांगितली.

आजीनं ओव्यांना होकार दिला होता. श्वास तिनं मला दिला नव्हता. तो तर ती माझ्यापासून लपवत होती.

पावसाळ्यानंतर लॅपटॉप घेऊन वाडीवर गेलो. शेजारपाजार जमला. काळा पडदा आला, श्वास सुरू झाला. आजीनं मान वळवली. म्हणाली, "ह्ये कोण धापा टाकतंय रं?"

सून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "जातं हाय आजी त्ये. सुरू व्हायच्या आधीचं."